बंदराचे पत्तन

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांनी ‘अभिप्रायार्थ’ अशी चिठ्ठी जोडून चाळीसेक पानांची एक पुस्तिका आमच्याकडे पाठविली. समुद्रकाठच्या शाळांतील मुलांस जहाजे, बंदरे व दर्यावरील प्रवास यांची माहिती मराठीतून मिळावी, असा तिचा हेतू प्रस्तावनेत नमूद केला आहे. हेतू स्तुत्य आहे, छपाई नीटस आहे, आणि भरती-ओहोटीचे प्रकरण तर खरोखरच चांगले उतरले आहे. कर्त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. आमचे भांडण व्यक्तीशी नसून एका खोडीशी आहे, व ती खोड या एकट्या गृहस्थांची नाही. पुस्तिकेच्या अखेरीस ‘शुद्ध परिभाषा’ या मथळ्याखाली एक यादी दिली आहे. तीत बंदरास पत्तन म्हटले आहे, जहाजास पोत, शिडास वातपट, डोलकाठीस कूपदंड, सुकाणूस अरित्र आणि चाच्यास जलदस्यू. खलाशी, तांडेल, सारंग, नाखवा या चौघांची एकाच ‘नाविक’ शब्दात बोळवण केली आहे. म्हणजे ज्या चौघांचे हुद्दे, पगार आणि जबाबदाऱ्या वेगळ्या, ते चौघे या यादीत एकाच पंगतीस बसले!

ही पुस्तिका हाती असतानाच आमचे मालवणकडे जाणे झाले. तेथे ज्यांचा सारा जन्म मचव्यावर गेला अशा एका वृद्ध तांडेलांस आम्ही ही यादी वाचून दाखविली. ‘पत्तन’ हा शब्द ऐकताच ते म्हणाले, “पाटण? तां तर घाटार!” आम्ही हसलो, परंतु परतीच्या वाटेवर हे उत्तर जसजसे मनात घोळू लागले, तसतशी त्यातील विद्वत्ता ध्यानात येऊ लागली. ‘पत्तन’ या संस्कृत शब्दाचे मराठीने शेकडो वर्षांपूर्वीच ‘पाटण’ केले व तो घाटावरच्या गावास देऊन टाकला. मराठीच्या लेखी त्या शब्दाचा व्यवहार तेव्हाच मिटला. आता तोच शब्द पुन्हा कच्चा उकरून काढून किनाऱ्यावर आणून टाकणे म्हणजे सासरी नांदणाऱ्या मुलीचे पुन्हा लग्न लावण्यासारखे आहे. पूर्व किनाऱ्याची गोष्ट निराळी. विशाखापट्टणम्, नागपट्टिणम् ही तेथील नावे लोकांच्या तोंडची आहेत व त्यांचा मान त्यांस असो. पण तेथेही गंमत अशी की, मच्छलीपट्टणम् या जुन्या नामांकित बंदरास भोवतालचे तेलुगू लोक नुसते ‘बंदर’ म्हणूनच ओळखतात, आणि तेथील प्रसिद्ध लाडूही ‘बंदर लाडू’ म्हणूनच विकला जातो. ज्या गावाच्या नावातच पट्टण आहे तेथील माणसास जो फार्सी शब्द चालतो, तो वेंगुर्ले, रत्नागिरी आणि मुरूडच्या मुलास अशुद्ध म्हणून सोडावयास सांगावा, हे आश्चर्य नव्हे काय?

‘पोत’ या शब्दाविषयी आम्ही आमच्या भगिनी वाचकांचा कौल घेऊ इच्छितो. मराठी घरात पोत म्हणजे गळ्यातली काळी पोत किंवा मोत्यांची पोत. लुगडे घेताना बोटांनी चाचपून पाहतो ते कापडाचे पोत. आणि देवीच्या गोंधळात पाजळतात तोही पोत. इतकी कामे करणाऱ्या शब्दाच्या गळ्यात आता युद्धपोत, मालवाहू पोत आणि पोत परिवहनही अडकविले, तर तो बुडेल नाही तर काय होईल? दिल्लीच्या मंत्रालयाने २०२० साली आपले नाव विस्तारले, तेव्हा त्याच्या हिंदी नावात पत्तन आणि पोत हे दोन्ही शब्द अग्रभागी आले. हिंदीच्या घरातील कारभार हिंदीने पाहावा. त्यात आम्ही पडत नाही. पण तेथील पाटी येथे जशीच्या तशी उतरवून घेणारे मराठी लेखक हे विसरतात, की आपल्याच राज्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नाव ‘महाराष्ट्र सागरी मंडळ’ असे सोपे आणि उच्चारसुलभ आहे, व राज्याच्या कारभारात ‘बंदरे’ हा शब्द आजही निर्वेधपणे चालतो.

आता या शब्दशुद्धीचे कैवारी आम्हांस विचारतील, की संस्कृत भाषा नौकाशास्त्रात दरिद्री आहे असे का तुमचे म्हणणे? मुळीच नाही. ऋग्वेदात शंभर अरित्रांच्या नावेचे वर्णन आहे. अमरकोशाच्या वारिवर्गात कूपक आहे, क्षेपणी आहे, केनिपातक आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ने नौकांचे लांबी-रुंदीवरून भेद सांगितले आहेत, व राधाकुमुद मुकर्जींनी १९१२ साली आपल्या हिंदी नौकानयनाच्या इतिहासात त्या ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, हे आम्ही जाणतो. परंतु हे ग्रंथ काय सांगतात तेही पाहावे. युक्तिकल्पतरू म्हणतो, चार डोलकाठ्यांची नौका पांढरी रंगवावी, तिनांची तांबडी, दोहोंची पिवळी, एकीची निळी. राजाच्या दिमाखास हे ठीक आहे. पण वादळात अडकलेल्या तांडेलास डोलकाठीच्या रंगाचा उपयोग काय? आणि अरित्राचे पाहा. वेदात अरित्र म्हणजे वल्हे. अमरकोशात तोच शब्द केनिपातकाच्या जोडीस येऊन सुकाणू होतो. ग्रंथात शब्द दोन अर्थांनी नांदू शकतो, टीकाकार वाद घालू शकतात. पण पुस्तिका वाचून शहाणा झालेला मुलगा होडीत बसला आणि कोणी ओरडले, “अरित्र धर!”, तर त्याने वल्हे धरावे की सुकाणू, याचा निर्णय कोणत्या टीकाकारास विचारून करावा?

हा प्रश्न आम्ही थट्टेने विचारीत नाही. जमिनीवरील परिभाषा ही बहुधा लिहिण्याची असते. समुद्रावरील परिभाषा ही ओरडण्याची असते. वारा कानात घोंगावत असता, पाणी अंगावर येत असता, वीस हात दूर उभ्या असलेल्या माणसास एका शब्दात जे सांगावयाचे, ते ऐकताक्षणी हाताने करावयाचे असते. म्हणून दर्यावरील शब्द आखूड असतात, एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतात, आणि एका शब्दास एकच अर्थ असतो. इंग्रजांच्या आरमारात जहाजाच्या उजव्या बाजूस स्टारबोर्ड व डाव्या बाजूस लार्बोर्ड म्हणत असत. ऐकण्यात दोहोंचा घोटाळा होतो हे ध्यानी आल्यावर १८४४ साली त्यांच्या आरमारखात्याने हुकूम काढून लार्बोर्ड काढून टाकला व त्याच्या जागी ‘पोर्ट’ हा शब्द कायम केला. सुकाणूच्या हुकुमांची कथा याहूनही विलक्षण आहे. जुन्या काळी सुकाणू दांड्याने फिरवीत, व दांडा उजवीकडे लोटला म्हणजे जहाजाचे तोंड डावीकडे वळते. हुकूम दांड्याच्या दिशेने दिला जाई. दांडा जाऊन चाक आले तरी हुकुमाची भाषा उलटीच राहिली. १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसताच जो हुकूम सुटला तो शब्दाने उजवीकडचा व अर्थाने डावीकडे वळण्याचा होता. पुढे १९२९ सालच्या सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ही उलटी भाषा सरळ करण्यात आली. इंग्लंडात तो बदल १९३३ साली अमलात आला. तेव्हा शब्द बदलूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. शब्द बदलले ते कोणी आणि कशासाठी, इतकेच आम्ही विचारतो. तेथे घोटाळ्याने माणसे मरू नयेत म्हणून, ज्यांस ते शब्द वापरावे लागत त्यांच्या सोयीने, शब्द बदलले. येथे शब्दाची जात तपासून, ज्यांनी कधी पायही ओला केला नाही त्यांच्या समाधानासाठी, ते बदलावयाचे आहेत.

जातीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. दर्यावरील मराठी शब्दांची वंशावळ पाहू गेल्यास कोणाही सोवळ्या माणसास स्नान करावे लागेल. जहाज अरबी, बंदर फार्सी, सुकाणू आणि खलाशी पुन्हा अरबी, नाखवा हा फार्सी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी, सारंग हा फार्सी सरहंग, आणि ज्या ‘आरमार’ शब्दाने आमचा ऊर भरून येतो तो तर पोर्तुगिजांचा. ज्यांच्याशी आरमार लढले त्यांच्याकडूनच आरमाराचे नाव घेतले, यात आमच्या पूर्वजांस काही लाज वाटलेली दिसत नाही. गुराब म्हणजे अरबीत कावळा. त्या कावळ्यास मराठ्यांनी आपला केला, इंग्रजांनी त्याचा ‘ग्रॅब’ केला, आणि मुंबईच्या पाण्यात दोन्ही बाजूंचे कावळे एकमेकांवर तोफा डागीत राहिले. समुद्राला घाट नाहीत, नाके नाहीत. मस्कतचे, सुरतेचे, गोव्याचे, मलबारचे खलाशी एकाच दोरास हात घालीत, तेव्हा तो दोर ज्या शब्दाने ओढला गेला तो शब्द सर्वांचा झाला.

भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते या ठिकाणी शिवछत्रपतींच्या ‘राज्यव्यवहारकोशा’कडे बोट दाखवितात. ते बोट आम्हांस शिरसावंद्य आहे. फक्त त्यांनी तो कोश उघडून पाहावा. त्यात दहा वर्ग आहेत. दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, लेखनवर्ग आहे, पण्यवर्ग आहे. आरमारास मात्र स्वतंत्र वर्ग नाही. ज्या राजाने सिंधुदुर्ग बांधला त्यास आरमाराचा विसर पडला असेल, असे कोणी म्हणणार नाही. दरबारची भाषा राजाज्ञेने बदलता येते, तांडेलाची येत नाही, हे त्या राजास व त्याच्या पंडितांस कळत असावे, असे आम्ही यावरून अनुमान करतो. अनुमान चुकीचे असेल तर विद्वानांनी दाखवावे. पण सभासदाच्या बखरीत त्याच राजाच्या आरमाराचे वर्णन येते तेथे गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी नावे येतात. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यांनीही गुराबा-गलबतांविषयी गुराब आणि गलबत याच शब्दांत लिहिले. कान्होजी आंग्र्यांस ‘सरखेल’ हा किताब होता. त्यांस कोणी ‘पोताधिपती’ म्हटले असते तर त्यांनी त्या भाटास मतलई वाऱ्याबरोबर समुद्रात सोडून दिले असते.

मतलई हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा. हे दोन्ही शब्द किनाऱ्यावरच्या माणसांचे, आणि सुदैवाने आमच्या शालेय भूगोलातही टिकले आहेत. तसेच उधाणाची भरती व भांगाची भरती. विदर्भातील ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्यासही ते पाठ असतात. होकायंत्र हा शब्द तर पाहण्यासारखा आहे: ‘होका’ हा अरबी डबीवाचक शब्दापासून आला, ‘यंत्र’ संस्कृत. असे संकर मराठीत कोठे नाहीत? आगबोट घ्या. आग आमची, बोट इंग्रजांची, आणि दोहोंच्या लग्नातून झालेले अपत्य असे अस्सल मराठी की, आगबोटी कोकणच्या किनाऱ्यावरून नाहीशा होऊन कित्येक वर्षे लोटली, तरी आजीच्या बोलण्यात ती अजून भोंगा देते. त्याच बोटीने ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार दिला. पुस्तिकेत यास ‘सागरजन्य वमनविकार’ म्हटले आहे. हे नाव उच्चारता उच्चारताच वमन होईल, अशी आमची समजूत आहे.

उलटपक्षी, संस्कृत शब्द जेथे लोकांच्या जिभेवर बसला तेथे आम्ही त्याच्याशी भांडत नाही. नौदल हा शब्द रुळला, विमानवाहू नौका रुळली, दीपगृह तर कधीचेच रुळले. आणि पाणबुडी! पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसास मराठी पाणबुड्या म्हणत आली. समुद्राखालून चालणारी युद्धनौका आली तेव्हा एका प्रत्ययाने काम भागले. ज्याने कोणी हा शब्द प्रथम वापरला, त्याच्यापुढे परिभाषाकारांची सारी मंडळे आम्हांस थिटी वाटतात. ‘कर्णधार’ शब्दाची मात्र आम्हांस कीव येते. कर्ण म्हणजे सुकाणू. कर्णधार म्हणजे सुकाणू धरणारा. आज हा शब्द क्रिकेटच्या मैदानावर उन्हात उभा आहे, आणि त्याचा अर्थ विचारल्यास दहांतील नऊ मुले ‘कान धरणारा’ असे सांगतील.

येथवर भाषाशुद्धीवाल्यांस बोललो. पण दुसऱ्या बाजूस उभे राहून टाळ्या पिटणारे जे सुशिक्षित आहेत, त्यांचाही हिशेब चुकता करावयास हवा. ते म्हणतात, या मराठी शब्दांचे आता काय करावयाचे? व्यापारी जहाजावर चढणाऱ्या मुलास परीक्षा इंग्रजीत, कामकाज इंग्रजीत. २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवरील बोलण्यासाठी ठराविक इंग्रजी वाक्येदेखील मान्य केली. खरे आहे, आणि ते योग्यही आहे. रॉटरडॅमच्या बंदरात शिरणाऱ्या मराठी कप्तानाने तेथील पायलटाशी मालवणीत बोलावे असा हट्ट आम्ही धरीत नाही. परंतु सगळा समुद्र म्हणजे रॉटरडॅम नव्हे. हर्णै, नाटे, देवगड, मालवण येथून पहाटे निघणाऱ्या होड्या इंग्रजीत निघत नाहीत. त्यांस वादळाची वर्दी द्यावयाची असते, त्यांच्यासाठी नियम लिहावयाचे असतात, अपघात झाला तर त्यांची जबानी घ्यावयाची असते. ही सारी कामे कोणत्या शब्दांत व्हावयाची?

पुस्तिकेतील एकच वाक्य सांगतो, म्हणजे आमचा राग केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही हे वाचकांच्या लक्षात येईल. वादळाचा धोका असता बंदरावर निशाणी चढवितात. तिला किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस ‘बावटा’ म्हणतो. वस्तुतः ती निशाणी कापडी बावटा नसून दिवसा शंकूसारखे आकार व रात्री दिवे असतात. पण लोकांनी नाव दिले ते दिले. आपल्या देशातील बंदरांवर अशा अकरा निशाण्या ठरलेल्या आहेत. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे शब्द कानी पडले की होडी पाण्यात लोटणारा हात थांबतो. पुस्तिकेत याचे रूपांतर ‘पत्तन चेतावणी संकेत क्रमांक तीन’ असे झाले आहे. आता मराठीत चेतवणे म्हणजे पेटविणे, भडकविणे. धोक्याच्या सूचनेस मराठीत इशारा म्हणतात, आणि तो शब्द अरबी असल्यामुळे, बहुधा, बाद झाला. ज्या किनाऱ्याने २००९ साली फयान, २०२० साली निसर्ग आणि २०२१ साली तौक्ते पाहिले, त्या किनाऱ्यावरच्या मुलास बावटा सोडून चेतावणी शिकवावी? हे लिहिणाऱ्याने एक तास तरी मच्छिमारांच्या धक्क्यावर उभे राहावयास हवे होते.

आणि हा दोष एकट्या परिभाषाकारांचाही नाही. आम्हां लेखकवर्गाचा समुद्र तो कोणता? संतांच्या भवसागरावर आम्ही वाढलो. त्यातील नाव ही चंद्रभागेच्या पात्रातील नाव आहे व पैलतीर सदैव दृष्टिपथात आहे. कादंबरीत वादळ आले की डोलकाठी कडाडून मोडते, शिडे फाटतात, नायक नायिकेस मिठी मारतो. पण त्या गलबतास शिडे किती होती, परबाण कोठे होते, नाळ कोणत्या वाऱ्यास केली होती, हे लेखकास ठाऊक नसते व वाचकही विचारीत नाही. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली व पुन्हा १८५७ साली आपल्या कोशात गावोगावचे शब्द टिपले. दाते-कर्वे प्रभृतींनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढून त्यात मोलाची भर घातली. त्यांचे ऋण मानूनही तक्रार राहते ती ही, की दर्यावरील शब्दापुढे अनेकदा ‘जहाजाचा एक भाग’, ‘एक प्रकारची होडी’ एवढ्यावर भागविलेले दिसते. कोणता भाग? कोणत्या प्रकारची? शेतकऱ्याच्या औतास असे कोणी म्हणत नाही. फोर्ट विल्यमच्या थॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास हिंदुस्थानी खलाशांवर हुकूम चालवावयाचे होते, म्हणून त्याने १८११ साली कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाशब्दांचा कोश छापला. जमना म्हणजे उजवी बाजू, डावा म्हणजे डावी, कोणता दोर कोणत्या नावाने ओढावयाचा, हे सारे त्यात आहे. कादंबरीकार अमिताव घोष यांनी २००८ साली आपल्या ‘सी ऑफ पॉपीज’मध्ये तीच खलाशी भाषा जिवंत केली, ती इंग्रजीत! मराठी वाचकाने आपल्याच आजोबांच्या बोलीची चव इंग्रजी कादंबरीतून घ्यावी लागते. इंग्रज सरकारने तर १९१७ च्या आंतर्देशीय आगबोटींच्या कायद्यात ‘सारंग’ हा हुद्दा कायद्याचा शब्द म्हणून बिनदिक्कत घातला. परक्याच्या कायद्यात जो बसला, तो आमच्या पुस्तिकेत अशुद्ध ठरला.

आज किनाऱ्यावर शिडाची होडी विरळा. यंत्र आले, शीड उतरले. शीड उतरले की परबाण गेले, परबाण गेले की त्याच्या दोरांची नावे गेली. पाण्याची खोली वावांत मोजणारा म्हातारा अजून आहे. त्याचा नातू यंत्राच्या पडद्यावर मीटरमध्ये पाहतो, व त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्या मते वीस-पंचवीस वर्षांनी हे शब्द विचारावयासही कोणी उरणार नाही. भाषेसाठी पैसा व मनुष्यबळ खर्च करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात थोड्या नाहीत. सरकारचे भाषा संचालनालय १९६० पासून आहे, विद्यापीठांचे मराठी विभाग आहेत, व दरवर्षी प्रबंधांसाठी विषय शोधीत फिरणारे विद्यार्थीही आहेत. त्यांनी कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी यांच्या वस्त्यांत जाऊन, होडीपुढे उभे राहून, एकेका भागावर बोट ठेवून नाव विचारावे, चित्र काढावे, कोणत्या खाडीत कोणता शब्द चालतो ते नोंदवावे. डहाणूचा शब्द आणि रेडीचा शब्द वेगळा निघाला तर दोन्ही ठेवावेत. असा एक सचित्र कोश निघेल तर आम्ही या मासिकाची आठ पाने त्याच्या परीक्षणास आनंदाने देऊ, आणि छपाईच्या चुका दाखविण्याचा आमचा जुना छंदही त्या वेळेपुरता आवरू.

पुस्तिका आम्ही स्नेह्यांकडे परत पाठविली आहे. शेवटची चार पाने फाडून उरलेली छापावी, असा अभिप्राय दिला आहे. आणि ‘चेतावणी’ असलेले वाक्य तांबड्या शाईने खोडून त्याच्या जागी, त्या वृद्ध तांडेलांच्या तोंडून जसे ऐकले तसे, ‘बावटा लागला’ एवढे दोन शब्द लिहिले आहेत.